लॉगिन तिसऱ्या वर्षी अडतं: ओपन आयडेंटिटी वापरताना या चुका टाळा

‘मी इतकी वर्षं तुमची साइट वापरते. आज लॉगिन केलं तर खातं रिकामं. माझं सगळं कुठे गेलं?’

लॉगिनवर काम करणाऱ्या प्रत्येकाला असं पत्र कधी ना कधी येतंच. मला पहिल्यांदा आलं तेव्हा मी तासभर डेटाबेस धुंडाळत बसलो होतो. हरवलेलं काहीच नव्हतं. त्या बाई पूर्वी ‘अमुक कंपनीच्या खात्याने साइन इन करा’ अशा एका बटणाने आत यायच्या, त्या दिवशी दुसऱ्या बटणाने आल्या, आणि आमच्या कोडने त्यांना नवी व्यक्ती समजून नवं कोरं खातं उघडून दिलं. कोड लिहिला होता तसाच चालला होता. चुकलं होतं ते आमचं गृहीतक.

लॉगिन बांधताना आपल्या डोळ्यांसमोर पहिला दिवस असतो: बटण दाबलं, माणूस आत आला, काम झालं. पण पुढे त्या माणसाचा ई-मेल बदलतो, फोन हरवतो, नोकरी सुटते, ज्या कंपनीच्या बटणाने तो येत होता ती कंपनी सेवाच गुंडाळते. लॉगिनमधल्या बहुतेक चुका अशाच दिवशी बाहेर येतात, आणि तोवर हजारो खाती त्या चुकीवर उभी असतात. म्हणून ओळखीवर काम करणारा छोटा स्टार्टअप असो किंवा आपल्या साइटवर दोन बटणं लावणारा एकटा डेव्हलपर, पहिल्याच आठवड्यात मी एकच प्रश्न विचारायला सांगतो: यातलं काही बदललं तर काय होईल?

थोडी पार्श्वभूमी. ओपन आयडेंटिटी म्हणजे एका सेवेने तपासलेली ओळख, सगळ्यांना खुल्या असलेल्या पद्धतीने, दुसऱ्या साइट्सवर वापरता येणं. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने पासपोर्ट ही सेवा आणली: एकच खातं, अनेक साइट्स. सोय मोठी होती, पण सगळ्यांच्या ओळखीची किल्ली एकाच कंपनीकडे का असावी हा प्रश्न तेव्हाच उभा राहिला. २००५ मध्ये लाइव्हजर्नल ही ब्लॉगसेवा उभारणाऱ्या ब्रॅड फिट्झपॅट्रिकने ओपनआयडी मांडलं. त्यात ओळख म्हणजे तुमचा स्वतःचा वेब पत्ता, आणि तो कुठल्या सेवेकडून तपासून घ्यायचा हे तुम्ही ठरवायचं. डिसेंबर २००७ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती पक्की झाली. त्याच सुमारास ओऑथ आलं, पण ते ओळखीसाठी नव्हतं, एका अ‍ॅपला तुमची दुसरीकडची माहिती वाचू द्यायच्या परवानगीसाठी होतं. ओऑथ २.० हे २०१२ मध्ये आलं, आणि त्याच्या पायावर फेब्रुवारी २०१४ मध्ये ओपनआयडी कनेक्ट उभं राहिलं. आज ‘अमुकने साइन इन करा’ अशी जी बटणं दिसतात, त्यांच्यामागे बहुतेक वेळा ओऑथ २.० किंवा ओपनआयडी कनेक्ट असतं. ओळख आणि परवानगी यांतला हा फरक लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

ई-मेललाच माणूस समजणं

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच, म्हणून इथे जरा थांबतो.

ओळख देणारी सेवा, म्हणजे प्रोव्हायडर, आपल्याला आयडी टोकन, म्हणजे ओळखीचा सही केलेला डिजिटल दाखला, पाठवते. त्यात ‘आयएसएस’ या नावाखाली टोकन कुणी दिलं ते असतं आणि ‘सब’ या नावाखाली त्या माणसाचा कायमचा क्रमांक असतो. ओपनआयडी कनेक्टच्या प्रमाणात, म्हणजे ठरलेल्या नियमावलीत, स्पष्ट लिहिलंय की एका प्रोव्हायडरकडे एक ‘सब’ एकाच माणसाचा असतो आणि तो पुन्हा कधीही दुसऱ्याला दिला जात नाही. ‘आयएसएस’ आणि ‘सब’ मिळून जी जोडी होते, ती खरी ओळख. ही जोडी दिसायला मात्र रूक्ष असते, नुसते आकडे आणि अक्षरं. शेजारीच छान वाचता येईल असा ई-मेल दिसतो, आणि आपण डेटाबेसची मुख्य किल्ली म्हणून तोच उचलतो.

ई-मेल माणसाकडे कायम राहत नाही. २०१३ मध्ये याहूने वर्षभर न वापरलेले आयडी मोकळे करून नव्या लोकांना देण्याचं जाहीर केलं. म्हणजे कालचा पत्ता तोच, पण आज तो दुसऱ्याच्या हातात. जी साइट नुसत्या ई-मेलवर विसंबून पासवर्ड बदलू देते, तिथे जुन्या माणसाचं खातं नव्या माणसाला खुलं.

दुसरी बाजू २०२३ मध्ये पुढे आली. सुरक्षा संशोधकांनी तिला ‘एनओऑथ’ असं नाव दिलं. अ‍ॅझ्युर एडी या मायक्रोसॉफ्टच्या संस्थांसाठीच्या ओळख-सेवेत एखाद्या संस्थेचा अ‍ॅडमिन स्वतःच्या खात्याच्या ई-मेलच्या रकान्यात कुणाचाही पत्ता टाकू शकत होता, आणि तो तपासला जात नव्हता. जी साइट टोकनमधल्या ई-मेलवरून खातं शोधायची, तिच्याकडे असं टोकन घेऊन गेलं की समोरच्याचं खातं उघडायचं. ‘सब’ पाहणाऱ्या साइट्सना याचा काही त्रास झाला नाही.

आणि जानेवारी २०२५ मध्ये ट्रफल सिक्युरिटी या सुरक्षा कंपनीने दाखवलेला प्रकार तर स्टार्टअपवाल्यांनी मनावर कोरून ठेवावा असा आहे. बंद पडलेल्या स्टार्टअपचं डोमेन कुणीही विकत घेऊ शकतं. ते घ्यायचं, त्यावर जुन्या कर्मचाऱ्यांच्या नावाने ई-मेल खाती पुन्हा उघडायची आणि ‘गूगलने साइन इन करा’ असं म्हणत त्या कंपनीने पूर्वी वापरलेल्या सेवांमध्ये शिरायचं. पगाराचे तपशील, मुलाखतींच्या नोंदी, आतल्या गप्पा, सगळं त्या सेवांमध्ये तसंच पडून असतं. डोमेन आणि ई-मेल पाहून दार उघडणाऱ्या सेवेला जुना मालक आणि नवा मालक यांत फरक कळत नाही.

आता तुमचं टेबल आधीच ई-मेलवर उभं असेल तर? घाबरू नका, आणि एका रात्रीत सगळं उलटंपालटंही करू नका. प्रत्येक खात्याला स्वतःचा एक आतला क्रमांक द्या. बाजूला दुसरं टेबल करा, त्यात एका खात्याला अनेक ओळखी जोडता येतील अशी सोय ठेवा: प्रोव्हायडर, ‘सब’, कधी जोडली, शेवटची कधी वापरली. यापुढे जो जो लॉगिन करेल त्याची जोडी तिथे नोंदवत जा. एकदा जोडी नोंदवली की त्या खात्यासाठी ई-मेलवरचा शोध कायमचा बंद. काही महिन्यांत नियमित येणारे सगळे नव्या टेबलात आलेले असतात. उरलेल्यांना, म्हणजे खूप काळाने परतणाऱ्यांना, आधी ई-मेलवर दुवा पाठवून खात्री करा आणि मगच जोडा. ई-मेल संपर्कासाठी ठेवाच, पण ‘ई-मेल व्हेरिफाइड’ हे मूल्य खरं आहे का ते पाहून. तेही त्या प्रोव्हायडरच्या शब्दावर किती विसंबायचं हे ठरवून.

अ‍ॅपलच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या आहेत. वापरकर्त्याने ई-मेल लपवायचं ठरवलं तर तुम्हाला त्याचा खरा पत्ता न मिळता मध्यस्थ पत्ता मिळतो. आणि नाव फक्त पहिल्या परवानगीच्या वेळी येतं. तेव्हा साठवलं नाही तर दुसऱ्या लॉगिनला ते मिळत नाही, आणि डेव्हलपर ‘नाव रिकामं का येतंय’ म्हणून दिवसभर डोकं धरून बसतो. शिवाय अ‍ॅपलचा ‘सब’ डेव्हलपर टीमनुसार ठरतो. उद्या तुमचा स्टार्टअप कुणी विकत घेतला आणि अ‍ॅप त्यांच्या टीमकडे गेलं, तर प्रत्येक वापरकर्त्याचा ‘सब’ बदलतो. जुन्यावरून नव्याकडे जाण्यासाठी अ‍ॅपल ट्रान्सफर आयडेंटिफायर देतं, पण ते ६० दिवसच चालतात. विक्रीचे कागद तयार होत असताना ही बाब कुणीतरी टेबलावर ठेवायलाच हवी.

दोन खाती न विचारता जोडणं

पहिल्या चुकीवर उपाय म्हणून लोक दुसरी करतात. रिकाम्या खात्याची तक्रार आली की मनात येतं, ई-मेल सारखा दिसला की दोन्ही खाती आपोआप एक करून टाकू. आम्हीही हेच करायला निघालो होतो.

२०२२ मध्ये अविनाश सुधोदनन आणि अँड्र्यू पॅव्हर्ड या संशोधकांनी यातला धोका नीट मांडून दाखवला. हल्लेखोर तुमच्या आधी तुमच्या ई-मेलने त्या साइटवर खातं उघडतो आणि स्वतःचा पासवर्ड ठेवतो. साइट ई-मेल तपासायची वाट पाहत नाही. काही महिन्यांनी तुम्ही तिथे येता, बटणाने साइन इन करता, आणि साइट मोठ्या आपुलकीने तुम्हाला त्याच खात्यात आणून बसवते. पासवर्ड अजून हल्लेखोराकडे आहे. तुम्ही जे काही साठवाल ते त्यालाही दिसणार. त्यांनी तपासलेल्या ७५ लोकप्रिय सेवांपैकी ३५ तरी अशा एखाद्या प्रकाराला बळी पडू शकत होत्या.

म्हणून जोडणी करायची ती माणसाला विचारून. नव्या बटणाने आलेल्याचा ई-मेल जुन्या खात्याशी जुळला, तर त्याला सांगा की या पत्त्याचं खातं आधीच आहे, एकदा जुन्या मार्गाने आत या, मग हे बटणही जोडून देतो. जुना मार्ग आठवत नसेल तर पत्त्यावर दुवा पाठवा. जुन्या खात्याचा ई-मेल कधी तपासलाच गेला नसेल, तर त्यावरचा पासवर्ड आणि सगळी चालू सेशन्स, म्हणजे उघडी राहिलेली लॉगिन्स, आधी रद्द करा, मगच पुढे जा. दोन पायऱ्या वाढतात हे खरं आहे. मला त्या पायऱ्या मान्य आहेत.

परवानगीलाच ओळखपत्र मानणं

कपाटाची किल्ली हातात आहे म्हणून कुणी घराचा मालक ठरत नाही. ओऑथचं अ‍ॅक्सेस टोकन ही किल्ली आहे: हे टोकन ज्याच्याकडे आहे त्याला अमुक माहिती वाचू द्या, एवढाच त्याचा अर्थ. पण अनेक अ‍ॅप्सचा सर्व्हर ते टोकन घेतो, प्रोव्हायडरकडून प्रोफाइल मागवतो, आणि जे नाव परत येईल त्या नावाने माणसाला आत सोडतो.

यात अडचण अशी की ते टोकन तुमच्यासाठीच काढलं होतं का, हे तुम्ही पाहिलेलंच नसतं. दुसरं एखादं अ‍ॅप, समजा राशिभविष्य सांगणारं, लोकांकडून अशीच परवानगी घेतं. त्याच्या मालकाने तिथे जमलेली टोकनं तुमच्या सर्व्हरकडे पाठवली तर तो त्या लोकांच्या नावाने तुमच्याकडे आत येतो.

यासाठीच आयडी टोकन आहे, आणि त्यातल्या प्रत्येक तपासणीला कारण आहे. सही प्रोव्हायडरच्या किल्लीने जुळते का. ‘आयएसएस’ अपेक्षित तोच आहे का. ‘ऑड’मध्ये, म्हणजे टोकन कुणासाठी आहे त्या रकान्यात, तुमच्याच अ‍ॅपचा क्रमांक आहे का, वरच्या प्रसंगात हीच तपासणी वाचवते. मुदत संपलेली नाही ना. तुम्ही पाठवलेला ‘नॉन्स’, म्हणजे एकदाच वापरायची खूण, तसाच परत आला का. हे स्वतः हाताने लिहू नका, नावाजलेली लायब्ररी घ्या, पण तिची सेटिंग्ज वाचा. २०१५ मध्ये कित्येक लायब्ररींमध्ये अशी चूक सापडली की टोकनच्या डोक्यावरच ‘सही नाही’ असं लिहिलं तर लायब्ररी ते मुकाट्याने मान्य करायची. कुठली सहीपद्धत स्वीकारायची हे तुमच्या कोडने ठरवायचं, आलेल्या टोकनने नाही.

एवढं सगळं करूनही प्रोव्हायडरच चुकू शकतो. २०२० मध्ये भावुक जैन या संशोधकाला अ‍ॅपलच्या साइन इनमध्ये असा दोष सापडला की कुठलाही ई-मेल देऊन त्याच्या नावाने, अ‍ॅपलच्या खऱ्या सहीचं टोकन मिळवता येत होतं. अ‍ॅपलने त्याला एक लाख डॉलरचं बक्षीस दिलं आणि दोष दुरुस्त केला. अशा वेळी तुमच्या सगळ्या तपासण्या बरोबर ठरल्या असत्या आणि तरी चुकीचा माणूस आत आला असता. म्हणून पैसे पाठवणं, ई-मेल बदलणं, खातं पुसणं अशा कामांआधी साइटने आणखी एक स्वतंत्र खात्री मागावी.

‘लॉगिन होत नाही’: पुन्हापुन्हा येणाऱ्या तक्रारी

आता हाताला लागणाऱ्या बिघाडांकडे येऊ. हे सगळे मी कधी ना कधी स्वतः शोधलेत.

प्रोव्हायडरच्या पानावरच ‘रिडायरेक्ट यूआरआय जुळत नाही’ अशी चूक दिसते. रिडायरेक्ट यूआरआय म्हणजे लॉगिननंतर माणूस परत येतो तो पत्ता. प्रोव्हायडरकडे नोंदवलेला आणि तुमच्या अ‍ॅपने पाठवलेला, असे दोन्ही पत्ते अक्षरागणिक ताडून पाहा: एचटीटीपी की एचटीटीपीएस, शेवटी तिरकी रेघ आहे की नाही, सुरुवातीला डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू आहे का, पोर्ट कुठला. सगळं बरोबर दिसत असेल तर बहुधा तुमचं अ‍ॅप प्रॉक्सीमागे, म्हणजे मधल्या एका सर्व्हरमागे, बसलंय. बाहेर एचटीटीपीएस असतं, पण आत अ‍ॅपला साधं एचटीटीपी दिसतं, आणि ते तसाच पत्ता बनवून पाठवतं. वैतागून ‘या डोमेनवरचं काहीही चालेल’ अशी सूट मात्र देऊ नका. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ओऑथच्या सुरक्षा मार्गदर्शकाने, म्हणजे आरएफसी ९७०० या इंटरनेट-मानकांच्या दस्तऐवजाने, पत्ता तंतोतंत जुळायलाच हवा असं सांगितलंय. सैल पत्त्यातूनच ओऑथचे कोड, म्हणजे ज्यांच्या बदल्यात टोकन मिळतं ते एकवेळचे कोड, चोरीला जातात.

माणूस लॉगिन करून परत येतो आणि पुन्हा लॉगिनच्याच पानावर पोचतो, गोल गोल फिरत राहतो. इथे कुकीकडे, म्हणजे साइट ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदीकडे, पाहा. कुकी ‘सेमसाइट स्ट्रिक्ट’ असेल तर दुसऱ्या साइटवरून परत येताना ब्राउझर ती पाठवत नाही, त्यामुळे तुम्ही जपून ठेवलेलं ‘स्टेट’, म्हणजे परत आलेलं उत्तर त्याच विनंतीचं आहे हे ओळखायची खूण, सापडत नाही. ‘लॅक्स’ केलं की बहुतेक ठिकाणी काम होतं. अ‍ॅपलकडून नाव किंवा ई-मेल मागितला असेल तर मात्र उत्तर फॉर्म पोस्टने येतं, आणि तिथे ‘लॅक्स’ कुकीही येत नाही. त्या एका छोट्या, काही मिनिटांच्या कुकीपुरतं ‘नन’ आणि ‘सिक्युअर’ ठेवा. मुख्य सेशनची कुकी सैल करू नका.

कधी चालतं, कधी नाही. माझ्या मशीनवर चालतं, खऱ्या सर्व्हरवर दर दोन-तीन वेळांतून एकदा अडतं. ‘स्टेट’ एका सर्व्हरच्या मेमरीत ठेवलंय आणि परत येणारा माणूस दुसऱ्या सर्व्हरवर पडतोय. ते सगळ्यांना दिसेल अशा जागी ठेवा, किंवा सही केलेल्या कुकीत.

‘इनव्हॅलिड ग्रँट’. ओऑथचा कोड एकदाच चालतो आणि त्याचं आयुष्य जास्तीत जास्त दहा मिनिटं असावं अशी शिफारस आहे. माणसाने पान रिफ्रेश केलं किंवा तुमच्याच कोडने चूक आल्यावर तीच विनंती पुन्हा पाठवली, की दुसऱ्यांदा हे उत्तर येतं. परत आल्याआल्या कोड वापरा आणि लगेच माणसाला स्वच्छ पत्त्यावर पाठवा, म्हणजे रिफ्रेश केलं तरी बिघडत नाही.

एका सकाळी कुणाचंच लॉगिन होत नाही, कोड तर कुणी बदललेला नाही. प्रोव्हायडरने सहीच्या किल्ल्या बदलल्यात आणि तुम्ही जुनी किल्ली कोडमध्ये चिकटवून ठेवली होती. किल्ल्या नेहमी प्रोव्हायडरने प्रसिद्ध केलेल्या पत्त्यावरून घ्या, थोडा वेळ साठवा, आणि टोकनमध्ये अनोळखी किल्लीचा क्रमांक दिसला तर एकदा ताज्या मागवा. याचीच दुसरी शक्यता म्हणजे सर्व्हरचं घड्याळ पुढेमागे झालेलं. एखाद्या मिनिटाची सवलत ठेवायला हरकत नाही. तासाभराची सवलत ठेवायची वेळ येत असेल तर आधी घड्याळ दुरुस्त करा.

मोबाइल अ‍ॅपच्या आत उघडलेल्या ब्राउझरमध्ये लॉगिन अडतं. हे अडणं योग्यच आहे. अ‍ॅपच्या आतल्या वेबव्ह्यूमध्ये टाइप केलेला पासवर्ड ते अ‍ॅप वाचू शकतं. आरएफसी ८२५२ ने २०१७ मध्येच सांगितलंय की अ‍ॅपने लॉगिनसाठी फोनचा खरा ब्राउझर वापरावा, आणि सोबत पीकेसीई, म्हणजे चोरलेला कोड दुसऱ्याला वापरता येऊ नये अशी तपासणी, वापरावं.

शेवटी नोंदींविषयी. प्रत्येक लॉगिनला एक क्रमांक द्या, तो चुकीच्या पानावर माणसाला दिसू द्या आणि तुमच्या लॉगमध्येही ठेवा. कोड आणि टोकनं लॉगमध्ये उतरवू नका. ‘काहीतरी चुकलं’ एवढंच लिहिलेलं पान पाहून माणूस तुम्हाला काय कळवणार?

बटणांची रांग

गूगल, अ‍ॅपल, मायक्रोसॉफ्ट, फेसबुक, गिटहब, शिवाय ई-मेल आणि फोन. जितके मार्ग देऊ तितकी सोय, असं वाटतं. ओपनआयडीच्या काळातही साइट्सवर लोगोंची अशीच गर्दी झाली होती, आणि शर्यतीच्या गाड्यांवरच्या जाहिरातींवरून तिला नॅस्कार प्रॉब्लेम असं नाव पडलं. माणूस परत येतो तेव्हा गेल्या वेळी कुठलं बटण दाबलं हे त्याला आठवत नाही. सुरुवातीच्या पत्रातल्या बाईंचं नेमकं हेच झालं होतं.

दोन किंवा तीन मार्ग ठेवा. याच ब्राउझरवर मागच्या वेळी कुठला मार्ग वापरला होता ते त्या बटणावर लिहा. साध्या कुकीने हे होतं आणि तक्रारी लक्षणीय कमी होतात, हा माझा अनुभव आहे. आणि नवं खातं आपोआप उघडू नका. ‘या ओळखीचं खातं आमच्याकडे नाही, नवं उघडायचं की जुनं शोधायचं?’ एवढं विचारा.

एकाच दारावर भरवसा

मायओपनआयडी ही ओपनआयडी देणारी सेवा १ फेब्रुवारी २०१४ ला बंद झाली. गूगलने ओपनआयडी २.० चा आधार २० एप्रिल २०१५ ला काढला. मोझिलाची पर्सोना ही लॉगिन-सेवा ३० नोव्हेंबर २०१६ ला थांबली. दर वेळी काही साइट्सच्या लोकांना आपल्याच खात्यात जायला वाट उरली नाही, कारण त्या साइट्सकडे माणसाशी दुसरा कुठला दुवाच नव्हता. आणि कायमचं बंद व्हायचीही गरज नाही: ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सुमारे सहा तास बंद पडलं, तेव्हा फक्त त्याच बटणाने येणारे लोक इतर साइट्सच्या दारातही अडकले.

पहिलं लॉगिन झाल्यावर काही दिवसांनी, माणूस निवांत असताना, दुसरा मार्ग जोडायची विनंती करा. नोंदणीच्या वेळी नको, तेव्हा त्याला आत जायची घाई असते. तपासलेला ई-मेल तरी जवळ ठेवाच.

मात्र खातं परत मिळवायचा मार्ग लॉगिनइतकाच पक्का हवा. समोर पासकी (पासवर्डऐवजी वापरायची डिजिटल किल्ली) आणि मागे एका एसएमएसवर सगळं उघडत असेल, तर हल्लेखोर मागूनच येईल; सिम दुसऱ्याच्या नावाने काढून घेण्याचे प्रकार सर्रास होतात. परत मिळवण्याच्या विनंतीला थोडा वेळ लावा आणि त्या वेळात माणसाच्या सगळ्या ज्ञात पत्त्यांवर कळवा. खऱ्या मालकाला ‘हे मी केलेलं नाही’ म्हणायला तेवढा अवधी पुरतो.

पासवर्डचे जुने नियम आणि पासकीची नवी चूक

पासवर्ड ठेवायचाच असेल तर दर तीन महिन्यांनी बदलायला लावू नका, आणि एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह अशी सक्तीही नको. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शकात दोन्ही गोष्टी नकोत असं म्हटलंय. त्याऐवजी पासवर्ड पुरेसा लांब असावा आणि फुटलेल्या पासवर्डांच्या यादीत नसावा. पेस्ट बंद करणं तर आजच काढून टाका. पासवर्ड मॅनेजर वापरणाऱ्या शहाण्या माणसाची ती शिक्षा आहे.

पासकी हा मला खरा पुढचा टप्पा वाटतो. तिच्यामागचं वेबऑथन हे प्रमाण मार्च २०१९ मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीने पक्कं केलं. पासकी डोमेनशी बांधलेली असते, त्यामुळे नकली साइटवर ती चालतच नाही. पण तिचं हेच बळ तिसऱ्या वर्षी अंगावर येऊ शकतं. घाईत एखाद्या सबडोमेनच्या नावाने पासकी नोंदवल्या तर त्या मुख्य डोमेनवर चालत नाहीत. उद्या कंपनीने नाव आणि डोमेन बदललं तर जुन्या पासकी नव्या डोमेनवर आपोआप येत नाहीत. म्हणून आरपी आयडी, म्हणजे पासकी ज्या डोमेनशी बांधायची ते नाव, ठरवताना मुख्य डोमेनच घ्या, एका खात्याला अनेक पासकी जोडू द्या, आणि प्रत्येकीला माणसाला ओळखता येईल असं नाव ठेवू द्या.

लॉगआउटबद्दल थोडक्यात: तुमच्याकडून बाहेर पडलेला माणूस प्रोव्हायडरकडे अजून आतच असतो. सामायिक संगणकावर पुढचा माणूस बटण दाबून थेट आत येतो. बाहेर पडताना हे एका वाक्यात सांगा, आणि ‘सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडा’ हे बटण द्याच. २०१८ मध्ये फेसबुकच्या चोरीला गेलेल्या टोकनांमुळे कोट्यवधी लोकांची सेशन्स एकाच वेळी रद्द करावी लागली होती. तुमच्याकडे ती सोय आहे का, हे संकटाआधी करून पाहा.

ओळखीची सेवाच चालवायची असेल तर

हे खास स्टार्टअपसाठी. साइट्स नाहीत म्हणून लोक येत नाहीत आणि लोक नाहीत म्हणून साइट्स येत नाहीत, या कोंडीत प्रत्येक नवी ओळख-सेवा सापडते. मग घाईत प्रमाण सोडून स्वतःची ‘सोपी’ पद्धत काढली जाते. तसं करू नका. ओपनआयडी कनेक्ट जसं आहे तसं द्या, म्हणजे साइटला तुमच्यासाठी वेगळा कोड लिहावा लागत नाही आणि तुम्ही आवडला नाहीत तर सोडूनही जाता येतं. जाता येतं म्हणूनच लोक यायला तयार होतात. लागते तेवढीच माहिती मागा: बहुतेक साइट्सना जन्मतारीख लागत नाही, मित्रांची यादी तर नाहीच.

आणि माणसाला घरातलं सामान घेऊन निघता यावं. सुरुवातीच्या ओपनआयडीत ही सोय फार सुंदर होती. तुमच्या स्वतःच्या पानावर दोन ओळी लिहून तुम्ही सांगायचात की माझी ओळख सध्या अमुक सेवा तपासते. सेवा बदलायची झाली की त्या दोन ओळी बदलायच्या. ओळख, म्हणजे तुमचा पत्ता, तसाच राहायचा. वेब पत्ता म्हणजे मी, हे सामान्य माणसाच्या पचनी पडलं नाही म्हणून ती पद्धत मागे पडली, पण स्वतःच्या डोमेनची ओळख वापरू देणं आजही शक्य आहे.

बंद व्हायची वेळ आली तर ती नीट पार पाडायची तयारीही आधीच लिहून ठेवा. मोझिलाने पर्सोना थांबवत असल्याचं जानेवारी २०१६ मध्ये सांगितलं आणि साइट्सना दुसरीकडे जायला दहा महिन्यांहून जास्त अवधी दिला. सर्व्हरवरची वापरकर्त्यांची माहिती नष्ट करायचं ठरवलं. डोमेन मात्र कुणालाही न देता स्वतःकडेच ठेवायचं ठरवलं.